तिसरी किल्ली

मृत्युपत्र कोर्टात नेलं तर बहिणीला एक तृतीयांश मिळणार होतं, आणि नाही नेलं तरी एक तृतीयांशच. फरक होता तो वेळेचा आणि खर्चाचा. प्रोबेट घ्यायचं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का आणायचा, तर दीड वर्ष, शिवाय कोर्टाची फी आणि वकिलांची फी. तेच मृत्युपत्र घडी घालून खणात ठेवलं आणि तिन्ही भावंडांनी समान वाटणीच्या संमतीपत्रावर सह्या केल्या, तर काम महिन्याच्या आत. वकिलांनी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढून दोन्ही हिशेब मांडले आणि कागद तिघांकडे फिरवला. डावा रकाना तळापर्यंत भरला होता, उजव्यात दोनच आकडे होते. इतकी सोपी बेरीज असेल तर वकील लागतो कशाला, असं कुणालाही वाटावं. पण त्या दोन आकड्यांतला एक त्यांच्याच फीचा होता.

थोरल्याने पेनाचं टोपण काढलं. तो विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात होता. तीस वर्षांत त्याने लोकांना नाही म्हणायच्या इतक्या सभ्य तऱ्हा शोधल्या होत्या, की हो म्हणायची वेळ आली की त्याला घाई व्हायची. धाकटा शाळेची बस चालवायचा. त्याने खिसे चाचपले, पेन सापडलं नाही, तेव्हा दादाचं झालं की घेऊ म्हणून तो हाताची घडी घालून बसला. बहीण मधली. दवाखान्याच्या नोंदणी खात्यात ती कागद लावायची, आणि हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचायची तिला खोड होती. ती मृत्युपत्र वाचत होती.

वाचण्यासारखं त्यात फार नव्हतं. कुलूपमास्तरांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, आयुष्यात कधी लांब वाक्य लिहिलं नाही. 'दुकान, घर आणि बँकेतली ठेव तिन्ही मुलांना सारखी. किल्ल्या ज्याच्या त्याला.' खाली सही. साक्षीदार दोन, शेजारचा चष्मेवाला आणि समोरचा न्हावी.

"हे दुसरं वाक्य उजव्या रकान्यात दिसत नाही," बहीण म्हणाली.

वकिलांनी समजावलं की ती इच्छा आहे, मालमत्ता नव्हे. किल्ल्यांना बाजारभाव नसतो. थोरला म्हणाला, असतो की, भंगाराचा. तो पुढे म्हणाला की चष्मेवाला महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे, नंतर तो चौकातली जागा घेईल. तेव्हा किल्ल्यांचं नंतर बघू.

चष्मेवाल्याचं खरं होतं. त्याला मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचं होतं, आणि तो देत होता तो भाव दुसरं कुणी देणार नव्हतं. थोरल्याला पुढच्या महिन्यात मुलीची फी भरायची होती. धाकट्याच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं. आणि बहिणीलाही पैशाचं वावडं नव्हतं. ती राहायची ते भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं होतं; पहिला हक्क तुझा, पण महिनाअखेरपर्यंत सांग, म्हणाला होता. तिचा एक तृतीयांश त्याच्या किमतीला जेमतेम पुरत होता. दीड वर्ष थांबायचं म्हटलं तर सर्वांत आधी रस्त्यावर येणार होती तीच.

"महिनाअखेरीला अजून पंचवीस दिवस आहेत," ती म्हणाली. "किल्ल्या ज्याच्या त्याला गेल्या की मी सही करते. नाही गेल्या, तर वकीलसाहेब, डावा रकाना."

थोरल्याने टोपण परत लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा लावलं.

मास्तरांची एक पद्धत होती. नव्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या यायच्या. दोन ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि तिसरी चिमटीत धरून विचारायचे, "ही कुठं ठेवता?" गिऱ्हाईक म्हणायचं, कपाटात. मग मास्तर म्हणायचे की घरातल्या घरात ठेवलेली तिसरी किल्ली म्हणजे बुडणाऱ्याने स्वतःचाच हात धरणं. निम्मे लोक हसायचे आणि ती शेजाऱ्याकडे ठेवायचे. उरलेल्यांचं शेजाऱ्याशी पटत नसायचं. ते किल्ली मास्तरांपाशीच सोडून जायचे. दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली, की मास्तरांकडे यायचं. पैसे पडायचे नाहीत, चार शब्द तेवढे ऐकून घ्यायला लागायचे.

अशा शहाण्णव किल्ल्या दुकानाच्या चष्मेवाल्याकडच्या मधल्या भिंतीवर होत्या. आठ ओळी, ओळीत बारा खिळे. किल्लीवर काही खूण नाही. प्रत्येक खिळ्याच्या वर पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर ठोकून काढलेली अक्षरं. पण नाव नाही, पत्ता नाही. चोर शिरलाच तर त्याच्या हाती किल्ली लागेल, घर लागता कामा नये, म्हणून मास्तरांनी एकेका गिऱ्हाइकाचं स्वतःच्या मनाने बारसं केलं होतं. दोनदा विचारणारा. आधी पैसे. बायको बरोबर. शिंका. छत्री विसरली. उसनी शिडी. कुठली पट्टी कुणाची याची वही होती ती मास्तरांच्या डोक्यात, आणि मास्तरांना जाऊन आता तीन आठवडे झाले होते.

वकिलांकडून निघून बहीण सरळ दुकानात गेली आणि तिने शटर वर केलं. वरच्या सात ओळी भरलेल्या होत्या. तळाची ओळ रिकामी होती. बारा खिळे, बारा पट्ट्या, किल्ली एक नाही.

थोरल्याला तिने तिथूनच फोन केला. तो आला, आणि त्याने लपवलं काही नाही. दावे तपासणारा माणूस लपवलेलं फार लवकर बाहेर येतं हे जाणून असतो. बाबा गेले त्याच आठवड्यात चष्मेवाल्याला भिंत बघायची होती. म्हणून हा आवरायला आला, एक ओळ काढली, तेवढ्यात ऑफिसातून फोन आला आणि काम तिथंच राहिलं. काढलेल्या किल्ल्या, मोडक्या कुलपांचे दोन डबे, सगळं भंगारवाल्याला दिलं.

"माणूस वरून काढायला लागतो," बहीण म्हणाली. "तू खालून कसं काढलंस?"

थोरल्याने भिंतीपाशी पडलेल्या बुटक्या स्टुलाकडे बघितलं. "बाबांच्या स्टुलावर बसलो होतो. हात तिथंच पोचतो."

किती मिळाले, असं तिने विचारलं. एकशे चाळीस, म्हणाला. डब्यांसकट.

दुसऱ्या दिवशी ती भंगारवाल्याकडे गेली. किल्ल्या वितळवल्या असतील एवढीच तिला आशा होती. भंगारवाला दुखावला. चालू किल्ली वितळवायला तो काय वेडा होता? त्या त्याने एका फिरत्या किल्लीवाल्याला नगावर विकल्या होत्या. हा सायकलवरून यायचा, वर्षातून दोनदा; कुठून यायचा आणि कुठं जायचा ते त्याच्या सायकलला ठाऊक. म्हणजे बारा घरांच्या बारा किल्ल्या गावात कुठंतरी कुणाच्या तरी पिशवीत वाजत होत्या.

थोरल्याचं म्हणणं, किल्ली आहे पण दार माहीत नाही, तेव्हा जोखीम शून्य. असा दावा त्याच्या टेबलावर आला असता तर त्याने तो एका ओळीत नाकारला असता.

"त्यांनी त्या तुमच्या कंपनीकडं ठेवल्या नव्हत्या," बहीण म्हणाली. तिने या विषयावर त्या आठवड्यात एवढंच म्हटलं, कारण आधी वरच्या सात ओळी होत्या.

दुकानाच्या शटरवर तिने पाटी लावली की किल्ल्या परत देणे चालू आहे, सायंकाळी सहानंतर यावे. सहानंतर म्हटलं तरी ती पोचायची सातला. नोंदणी खात्यात शेवटचा कागद लागल्याशिवाय ती उठत नसे, आणि शेवटचा कागद नेमका सहाला पाच कमी असताना यायचा. लोक शटरपुढे उभे राहून वाट बघायचे. पण आलेला माणूस खरा कशावरून? आपलं नाव मास्तरांनी काय ठेवलं आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग बहिणीने नियम केला. किल्ली हातात मिळणार नाही. ती घेऊन आपण त्याच्याबरोबर त्याच्या दारापर्यंत जायचं आणि तिथं लावून बघायची. किल्ली फिरली की ओळख पटली. मग वहीत तारीख आणि सही, 'मास्तरांकडे ठेवलेली किल्ली परत मिळाली.'

धाकटा बाहेरून थट्टा करत करत आत आला. तो सगळ्या गल्ल्या ओळखायचा. कुठलं पोर कुठल्या दारातून चप्पल न घालता धावत येतं, हे बस चालवणाऱ्यालाच कळतं. 'दोनदा विचारणारा' त्याने क्षणात ओळखला, कारण तो माणूस रोज सकाळी दोनदा विचारायचा, बस वेळेवर आहे ना. 'बायको बरोबर' जरा अवघड गेला. तशी नऊ घरं निघाली. शेवटी किल्ली ज्या दाराला लागली तिथं नवरा म्हणाला, मास्तरांनी माझं काय नाव ठेवलं होतं? बहीण म्हणाली, आठवत नाही. बायको मागून म्हणाली, सांगा हो, मला माहितीय. 'आधी पैसे' या गृहस्थांनी सही करण्यापूर्वी विचारलं की परत द्यायचे काही पैसे आहेत का. रविवारी धाकटा बस काढायचा. शाळेत सांगितलं होतं, ब्रेक तपासून आणतो. पंचवीस आसनांच्या बसमध्ये भाऊ, बहीण आणि किल्ल्यांची पिशवी, एवढेच उतारू.

सतराव्या दिवशी चौऱ्याऐंशी किल्ल्या गेल्या आणि वहीत चौऱ्याऐंशी सह्या झाल्या. हातात आठ दिवस उरले.

आता तळाची ओळ. तिथल्या पट्ट्या बहिणीने वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतल्या होत्या. उजवा ठोसा. कुत्रा गेला. पत्र आलं का. दोन वाजताचं औषध. खिडकी. टकटक. अशा अकरा तिने आणि धाकट्याने चष्मेवाल्याला, न्हाव्याला विचारून शोधून काढल्या. बारावी काही केल्या लागेना. 'उशिरा येणारी.' धाकट्याला वाटलं, मागच्या गल्लीतली नर्स. नर्सने दारातच सुनावलं की तीस वर्षांत तिची ड्यूटी एकदा चुकलेली नाही, आणि तिची किल्ली तिच्या आईकडे असते. न्हाव्याला वाटलं, तिकीट खिडकीवरची बाई. तिने तर मास्तरांना कधी बघितलंही नव्हतं. बारावीपुढे बहिणीने प्रश्नचिन्ह काढलं आणि वही घेऊन ती वकिलांकडे गेली. भावांना बोलावून घेतलं होतं.

तिची मागणी अशी. बारा घरांची कुलपं बदलायची, खर्च बाबांच्या ठेवीतून, आणि उरेल त्याची वाटणी. थोरला म्हणाला, हे म्हणजे स्वतः होऊन दावा लावून घेणं झालं. बारा माणसांपैकी एकानेही काही मागितलेलं नाही. वकील म्हणाले की मृताची देणी आधी आणि वाटणी नंतर हे बरोबर, पण देणं म्हटलं की काही लेखी लागतं.

बहिणीने वही त्यांच्यापुढे सरकवली. "चौऱ्याऐंशी लोकांनी लिहून दिलंय, की बाबा किल्ल्या ठेवून घ्यायचे आणि त्या परत मिळाल्या. बारांच्या परत मिळाल्या नाहीत. परत न गेलेली ठेव म्हणजे देणं नाही तर काय?"

वकिलांनी दोन-चार पानं उलटली. एका पानावर सहीच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'फार चांगला माणूस. बोलायचा फार.' वकील म्हणाले की कोर्ट हे ऐकून घेईल. पण ऐकून घ्यायलाच कोर्टाला वर्ष लागेल.

"मला चालेल," बहीण म्हणाली.

ते तिला चालणार नव्हतं, हे थोरल्याला माहीत होतं. घरमालकाला आठ दिवसांत उत्तर द्यायचं होतं, आणि त्यानंतर ती कुठं जाणार याचा तिच्याकडे काही बेत नव्हता. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. दावे तपासताना समोरचा माणूस खरंच कोर्टात जाईल की नुसता धमकी देतो, हे ओळखण्यावरच त्याच्या सगळ्या बढत्या झाल्या होत्या. त्याने वकिलांची पेन्सिल उचलली आणि स्वतःच रेघ ओढली. एका बाजूला चष्मेवाला गेला तर होणारा तोटा, दुसऱ्या बाजूला बारा कुलपं. कुलपांचा आकडा त्याला सोसला. मजुरीच्या आकड्यावर पेन्सिल थांबली. बहिणीने दुसऱ्या एका कुलूपवाल्याकडून तो लेखी आणला होता, आणि तो कुलपाच्या किमतीपेक्षा मोठा होता.

"चार स्क्रू असतात," थोरला म्हणाला. "चार स्क्रूंना एवढी मजुरी?"

"मग तू बसव, दादा," धाकटा म्हणाला.

तो गंमतीने म्हणाला होता. पण थोरला एकोणीस वर्षांचा होईपर्यंत बाबांच्या हाताखाली होता, आणि कॉलेजातल्या पोरांनी त्याला एकदा 'ए किल्ली' म्हणून हाक मारल्यानंतर त्याने पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही, हे तिघांनाही माहीत होतं. थोरल्याने मजुरीच्या आकड्यावर काट मारली. कंजूषपणाने मारली की आणखी कशाने, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण बेरीज कमी झाली, एवढं खरं.

त्याने तीन दिवस रजा टाकली. इस्त्रीची पॅंट, हातात बाबांची हत्यारांची पिशवी. पहिलं दार 'उजवा ठोसा'चं. हे एक म्हातारे मुष्टियोद्धे. गुडघे गेले होते, हात शाबूत होते. दारात उभी राहून बहिणीने सांगितलं की तुमची किल्ली आमच्याकडून हरवली, म्हणून कुलूप बदलून द्यायला आलो आहोत. थोरला गुडघ्यावर बसला. तासाभराने उठला आणि किल्ली फिरवून दाखवली. म्हाताऱ्यांनी स्वतः दोनदा फिरवली.

"घासतंय," ते म्हणाले.

थोरला म्हणाला, नवं आहे, वापरून सैल होईल.

"मास्तर असं सोडत नसत."

थोरल्याने सगळे स्क्रू परत काढले. चौकटीतली खाच दोन केस कोरली आणि पुन्हा बसवलं. या वेळी किल्ली अशी फिरली की आवाजच आला नाही. म्हाताऱ्यांनी आत जाऊन गुडघ्याखाली घ्यायला उशी आणून दिली, आता काम संपल्यावर.

दुसऱ्या दारात बहीण म्हणाली, "तुमची किल्ली आमच्याकडून हरवली." थोरला पिशवी खाली ठेवत म्हणाला, "माझ्याकडून." त्यानंतर उरलेल्या सगळ्या दारांत हे वाक्य त्यानेच म्हटलं. काही लोक घाबरले, एक बाई रागावल्या आणि त्यांनी तासभर त्याला बसूच दिलं नाही. 'कुत्रा गेला' मात्र म्हणाले, चोर आला तर बरंच, कुणीतरी येईल. प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच व्हायचं. थोरला तिन्ही किल्ल्या द्यायचा, माणूस दोन ठेवून घ्यायचा आणि तिसरी सवयीने त्याच्यापुढे धरायचा. दुकान बंद झालं, हे थोरल्याला अकरा वेळा सांगावं लागलं. दर वेळी त्याला ते थोडं जास्त जड गेलं.

अकरावं दार 'टकटक'चं. या निवृत्त टंकलेखिका. बोलतानाही बोटं टेबलावर चालायची. थोरला कुलूप बसवत होता, तोवर त्यांनी बहिणीला आत बसवलं आणि वहीतली यादी बघायला मागितली. एकेका पट्टीवर बोट ठेवून त्या सांगत गेल्या, हे एकटे असतात, ही एकटी असते, यांची बायको गेली, यांची मुलं लांब. मग म्हणाल्या, "खालची ओळ एकट्यांचीच. मास्तरच म्हणायचे. रात्री-अपरात्री कुणी आलं की स्टुलावरून न उठता हाताला लागायला हव्यात, म्हणून खाली."

बहिणीने बारावी दाखवली. ही कोण ते कळेना, म्हणाली.

टकटकबाईंनी तिच्याकडे बघितलं. बोटं थांबली.

"माझ्या शेजारचा खिळा," त्या म्हणाल्या. "मी किल्ली ठेवायला गेले तेव्हा विचारलं होतं, ही कोण. म्हणाले, माझी मुलगी. रोज म्हणते सहाला येते, येते सातला. पण येते."

बाहेर कानशीचा आवाज येत होता, तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

नऊ वर्षांपूर्वी, भाड्याचं घर घेतलं तेव्हा, बहिणीने तिसरी किल्ली बाबांना दिली होती. त्यांच्या घरी कपाटाच्या खणात असेल, असं ती धरून चालली होती. तो खण आवरायचं तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिने वहीतल्या प्रश्नचिन्हावर रेघ मारली. मग वही टकटकबाईंपुढे ठेवली आणि म्हणाली, नवं कुलूप मिळालं म्हणून इथं सही करा.

सह्यांच्या आदल्या दिवशी थोरला तिच्या दारात आला. कुलूप तिने आधीच आणून ठेवलं होतं. त्याने पावती मागितली, हिशेबात लावायला. बारा ठरली आहेत, हे बारावं.

"वारसाचं कुलूप हे मृताचं देणं होत नाही," बहीण म्हणाली. "वकिलांना विचार हवं तर."

त्याने विचारलं नाही. तिचं बरोबर होतं, आणि बरोबर नसतं तरी ती ऐकणार नव्हती. तो गुडघ्यावर बसला. या वेळी पॅंट जुनी होती आणि उशी त्याने बरोबर आणली होती. जुनं कुलूप निघालं तर त्याचं भोक नव्यापेक्षा मोठं. एका बाजूला बोटभर फट राहत होती. झाकायला पत्र्याचा तुकडा आहे का, असं त्याने विचारलं. बहिणीने पर्समधून पट्टी काढून दिली. चष्मेवाला भिंत पाडणार म्हणून ती तेवढी एक उचकटून आणली होती. थोरल्याने पट्टीवरची अक्षरं अंगठ्याने पुसली, फटीवर बरोबर बसते का ते बघितलं, आणि दाराच्या आतल्या बाजूने दोन बारीक स्क्रूंनी ती पक्की केली. अक्षरं सरळ यावीत म्हणून एकदा सैल करून पुन्हा लावली.

किल्ली आवाज न करता फिरली. दोन त्याने तिच्या हातात दिल्या. तिसरी चिमटीत राहिली.

"ही कुठं ठेवतेस?"

"कपाटात," ती म्हणाली.

यापुढचं वाक्य दोघांनाही पाठ होतं. त्याने ते म्हटलं नाही. किल्ली खिशात टाकली आणि हत्यारं आवरायला लागला. बहिणीने वही उघडून त्याच्यापुढे केली, आणि थोरल्याने पिशवी खाली ठेवून, तारीख घालून, किल्ली मिळाल्याची सही केली.

हिशेब पुरा झाला तो असा. वकिलांची फी आणि अकरा कुलपं, तिघांच्या वाट्यातून सारखी. अकरा कुलपांची मजुरी, थोरल्याने. बसचं इंधन, धाकट्याने. शाळेला ब्रेक ठीक असल्याचं कळवलं. भंगाराचे एकशे चाळीस थोरल्याने कुणाला न सांगता बाबांच्या ठेवीत भरले. पासबुक बहिणीकडे होतं, म्हणून ते तिला दिसलं. बारावं कुलूप, बहिणीने. त्याची मजुरी थोरल्याने मागितली नाही, आणि तिने दिली नाही. वहीच्या शेवटच्या ओळीत ती 'बाकी' म्हणून लिहिलेली आहे.